त्रेचाळीस लाल चिठ्ठ्या

घर विकायला काढायचं म्हणजे एक पाटी रंगवायची आणि फाटकाला टांगायची, एवढंच काम, अशी माझी समजूत होती. रविवारी सकाळी पाटी, चार दिवसांत गिऱ्हाईक, आणि महिनाअखेर सामान बांधून लेकीकडे. माणसाने आखावं आणि वरच्याने हसावं, हे मी आजवर इतक्या कीर्तनांत, इतक्या बुवांच्या तोंडून ऐकलं आहे की झोपेतसुद्धा त्यावर निरूपण करीन. पण कानांनी ऐकलेलं अंगी उतरायला मध्ये फार मोठा जिना लागतो, आणि माझे गुडघे कच्चे आहेत.

तर पाटी. माळ्यावरची फळी काढली, घासली, पांढरा रंग दिला आणि वाळल्यावर पट्टी लावून तिच्यावर 'हे घर विकणे आहे' आणि खाली 'तातडीने' अशी अक्षरं काढली. पाण्याचे पंप बनवणाऱ्या कारखान्यात सत्तावीस वर्षं मी तपासनीस होतो. माझ्या हातून वाकडी रेघ निघत नाही. निघालीच तर मीच तिला नापास करतो. पाटी काखेत मारून ऐटीत फाटकापाशी गेलो, आणि बघतो तर गल्लीत माझ्याआधी अकरा पाट्या लागलेल्या!

कारखान्याला कुलूप लागून आठ महिने झाले होते. आमची गल्ली म्हणजे त्याच कारखान्याने कामगारांसाठी बांधलेली बत्तीस घरं. सोळा या अंगाला, सोळा त्या अंगाला, सगळी एकाच कंत्राटदाराने एकाच वर्षी, एकाच साच्यातून ओतल्यासारखी काढलेली. कारखाना चालू होता तेव्हा इथे घर मिळावं म्हणून लोक साहेबाच्या दारात उभे राहायचे. आता विकणारे बाराजण आणि घेणारा कुणी नाही. पहिली पाटी लागली तेव्हा घराला घराचा भाव होता. पाचवी लागली तोवर तो भिंतींचा झाला. आणि माझी बारावी लागेपर्यंत, शेजारचा फिटर म्हणतो त्याप्रमाणे, नुसत्या दारं-खिडक्यांचा उरला होता. म्हणून मी पाटी तिथल्या तिथे टांगली. आणखी दोन पाट्या लागल्या असत्या तर गिऱ्हाइकाला घर देऊन वर रिक्षाभाडंही द्यावं लागलं असतं.

बायको दारात उभी राहून बघत होती.

"सरळ लागली का गं?" मी विचारलं.

"पाटी सरळ आहे," ती म्हणाली, आणि आत निघून गेली.

एखाद्या शहाण्या माणसाने त्या वाक्यातल्या 'पाटी' शब्दावरचा भार ओळखला असता. मी फक्त 'सरळ' ऐकलं आणि खूष झालो.

पाटी लागली आणि सल्ल्यांना सुरुवात झाली. नोकरी गेलेल्या माणसाकडे द्यायला दुसरं काही नसतं, त्यामुळे आमच्या गल्लीत सल्ल्याला तोटा नव्हता. फिटर म्हणाला, "चिठ्ठीभाऊ, पांढरी पाटी उदास दिसते. पिवळी करा." (चिठ्ठीभाऊ हे माझं टोपणनाव. का, ते येईलच.) पिवळी केली. फिटरवहिनी म्हणाल्या, "खाली 'तातडीने' लिहिलंय ते आधी पुसा, भाऊजी. तातडी दिसली की गिऱ्हाईक नाक वर करतं." पुसलं. समोरचे स्टोअरकीपर म्हणाले, घर गल्लीच्या टोकाला आहे, कोपऱ्यावर बाण काढा. काढला. तो बाण कोणत्या कोनातून कसा दिसत होता देव जाणे, पण दोन माणसं सरळ फिटरच्या घरात शिरली, त्याची न्हाणीघराची कडी वाजवून बघितली, आणि आत अंघोळ करत असलेल्या फिटरने त्यांना काय सांगितलं ते मी इथे लिहू शकत नाही. बाण पुसला. मग मोल्डरभाऊ आले. ओतकामाच्या भट्टीपाशी जन्म गेल्यामुळे ते कुजबुजतात तेही दोन गल्ल्यांना ऐकू जातं. ते म्हणाले, "फाटक उघडं ठेव सताड! बंद फाटक बघून लक्ष्मी माघारी जाते!" त्या दिवसापासून फाटक आत ढकलून कडेच्या मेंदीच्या कुंपणाला टेकवून ठेवलं. पाटी दिसायची तिरकी, पण लक्ष्मीला रस्ता मोकळा.

असा मी सगळ्यांचा सल्ला घेतला. फिटरचा, वहिनींचा, स्टोअरकीपरचा, मोल्डरभाऊंचा, दूधवाल्याचासुद्धा. कुणी राहू नये म्हणून लेकीला फोन करून तिचाही घेतला. मी स्वभावानेच सगळ्यांना धरून चालणारा माणूस आहे.

शेवटी एजंट आला. हा आमच्याच कारखान्याचा कँटीनवाला. पाच लिटर दुधात तीनशे माणसांचा चहा करणारा हा हिकमती माणूस, कारखाना बंद पडल्यावर घरांच्या धंद्यात शिरला होता. त्याने घर बघितलं, दोन कप चहा घेतला (चहा घट्ट आहे अशी तक्रारही केली) आणि म्हणाला, "काका, घर विकेन. पण जमीन मुळात कंपनीची. कंपनीचं तुमच्यावर काही येणं नाही असा नगरपालिकेचा दाखला पाहिजे."

मी नगरपालिकेत गेलो. खिडकीतल्या कारकुनाने माझा अर्ज उलटा धरून वाचला, मग सुलटा करून वाचला.

"कंपनीचं पत्र जोडा."

"कंपनी बंद आहे, साहेब."

"मग कंपनी बंद आहे असं कंपनीचं पत्र जोडा."

त्यांचा चेहरा अगदी निर्मळ होता. चेष्टा नव्हती, दुष्टपणा नव्हता. मी म्हणालो, "अहो, बंद कंपनी पत्र लिहील कशी?"

"ते तुम्ही कंपनीला विचारा," ते म्हणाले, आणि मागच्या माणसाचा अर्ज उलटा धरला.

दुसऱ्या दिवशी मी कारखान्यावर गेलो. आठ महिन्यांत त्या बाजूला फिरकलो नव्हतो. धुराड्यावर पक्ष्यांनी घरटी बांधली होती. त्या बिचाऱ्यांना कुणाचा दाखला लागला नसावा. फाटकावर जुना पहारेकरी एकटाच खुर्ची टाकून बसला होता. सत्तावीस वर्षं मला रोज सलाम केलेला माणूस. त्याने मला बघितलं, त्याचे डोळे भरून आले, आणि त्याने रजिस्टर पुढे केलं.

"नोंद करा, साहेब."

"अरे, आत कुणी आहे का?"

"कुणी नाही. पण नोंद केल्याशिवाय सोडता येत नाही."

मी नाव लिहिलं. 'भेटीचं कारण' या रकान्यात लिहिलं, कंपनी बंद असल्याचा दाखला. 'कोणास भेटायचे' इथे अडलो. पहारेकरी म्हणाला, "जनरल मॅनेजर लिहा. मोठा माणूस लिहायला काय जातंय?" ते लिहिलं. मग आम्ही दोघं बाकावर बसलो. अर्धा तास बसलो. कशासाठी, ते मला विचारू नका. भेटीला आलेल्या माणसाला अर्धा तास बसवायचं असा तिथला रिवाज होता. अर्ध्या तासाने तो उठला, आतल्या रिकाम्या इमारतीकडे एकदा बघितलं, आणि शेवटच्या रकान्यात स्वच्छ अक्षरांत लिहिलं, 'भेट झाली नाही. आत कोणी नाही.' त्या पानाची नक्कल करून त्यावर त्याने फाटकाचा गोल शिक्का मारला.

सांगायला आनंद वाटतो की नगरपालिकेने ते पत्र मान्य केलं. कारकून म्हणाले, "हे आधी आणलं असतंत तर?"

पण निघताना पहारेकऱ्याने आणखी एक गोष्ट माझ्या हातात ठेवली आणि खरं आख्यान तिथून सुरू होतं. तो म्हणाला, "तुमच्या खात्याची खोली रिकामी केली, साहेब. हे कुणी घेईना. तुमचंच आहे." दोऱ्याने बांधलेले दोन गठ्ठे होते. एक लाल चिठ्ठ्यांचा, एक हिरव्या.

आमच्याकडे कुठलाही पंप चिठ्ठीशिवाय फाटकाबाहेर जात नसे. मी कानाशी धरून, छोट्या हातोडीने ठोकून, पाणी सोडून एकेक नग तपासायचा. दोष सापडला की लाल चिठ्ठी. तिच्यावर चार ओळी छापलेल्या: वस्तू, दोष, उपाय, सही. दोष निघाला की लाल काढून हिरवी. सत्तावीस वर्षांत माझ्या हिरव्या चिठ्ठीचा एकही पंप गिऱ्हाइकाकडून परत आला नाही. म्हणून मी चिठ्ठीभाऊ. ज्यांचे नग मी नापास करायचो ते आणखीही काही म्हणायचे, पण ते पाठीमागे.

बुधवारी उजाडताच एजंटचा फोन आला, उद्या गिऱ्हाईक येतंय. शहरातल्या एक बाई आहेत, शिवणकामाचा कारखाना चालवतात, इस्पितळांचे गणवेश शिवतात. तिथलं भाडं परवडेना म्हणून स्वस्त घर शोधतायत. "खरं गिऱ्हाईक आहे, काका. घर जरा नीट करून ठेवा."

नीट करून ठेवा. सांगा, तपासनिसाला याचा अर्थ काय लागेल? मी विजेरी घेतली, हातोडी घेतली आणि सकाळपासून घर तपासायला बसलो. भिंतीला कान लावून ठोकलं तर तीन ठिकाणी गिलावा पोकळ वाजला. मोरीच्या नळाखाली ओल. मागच्या खिडकीची चौकट कर्णात पाव इंच बाहेर. माळ्याच्या पायरीला भेग. ज्या घरात मी बावीस वर्षं सुखाने झोपलो, ते घर असं आतून खोकत होतं हे मला ठाऊकच नव्हतं! एकेक दोष सापडत गेला तसा मी एकेक लाल चिठ्ठी बांधत गेलो.

"हे काय चाललंय?" बायकोने विचारलं. ती भाजी निवडत होती आणि तिच्या डोक्यावरच्या फळीला मी चिठ्ठी बांधत होतो.

"माल दाखवण्याआधी तपासायला नको?"

"घर म्हणजे पंप आहे का?"

"दोष लपवून विकू? देवाला काय तोंड दाखवू?"

"देवाला दाखवाल हो," ती म्हणाली, "तो कुठे गिऱ्हाईक आहे?" मग थोडं थांबून म्हणाली, "सगळं तपासलंत?"

"सगळं. शेवटची फाटकाच्या बिजागरीला बांधली. कुरकुरते. एकूण त्रेचाळीस." वहीत तशी नोंदही केली.

"बरं," ती म्हणाली, आणि भाजीत डोकं घातलं. संध्याकाळी माझं पेन सापडेना. सकाळी ते स्वयंपाकघरात, तिखटाच्या डब्यावर सापडलं. मी जाता जाता एक शेरा मारला की या घरात वस्तूंना जागा उरलेली नाही.

गुरुवारी शिवणवाल्या बाई आल्या. पन्नाशीच्या, गळ्यात मोजपट्टी, डोळ्यांत जरब. एजंट त्यांना घेऊन हसतमुखाने आत शिरला आणि उंबऱ्यातच त्याचं हसू गोठलं. घरभर लाल चिठ्ठ्या वाऱ्याने डुलत होत्या.

"काका," तो माझ्या कानाशी कुजबुजला, "हे काय मांडलंय?"

"तपासणी," मी अभिमानाने म्हणालो.

पुढचा तासभर एजंटने जे केलं ते बघण्यासारखं होतं. बाई जिकडे वळतील तिकडच्या चिठ्ठीसमोर तो जाऊन उभा राहायचा. पण माणूस एक आणि चिठ्ठ्या त्रेचाळीस. कुठे कुठे पुरणार? बाईंनी त्याला हाताने बाजूला सारून एकेक चिठ्ठी वाचली. नुसती वाचली नाही, वहीत उतरवून घेतली. मी मागून समजावून सांगत होतो. पोकळ गिलावा ठोकून ऐकवला, चौकटीला काटकोनाचा गुण्या लावून दाखवला. मला इतका मन लावून ऐकणारा श्रोता कारखान्यातही मिळाला नव्हता. एजंट कोपऱ्यात स्टुलावर बसून वारा घेत होता.

निघताना बाईंनी शिष्टाचार म्हणून फाटक बाहेर ओढून बंद केलं, आणि तिथे क्षणभर थबकल्या. फाटकावरून आत वाकून काहीतरी बघितलं. मग दारात उभ्या माझ्या बायकोकडे बघितलं. बायको वाळत घातलेल्या चादरीकडे बघत होती. बाईंनी फाटक पुन्हा आत ढकललं, होतं तसं कुंपणाला टेकवलं.

"हे घर काही मी घेणार नाही," त्या म्हणाल्या. "पण चव्वेचाळीस चिठ्ठ्या वाचल्या. असा प्रामाणिक माल मी बघितला नव्हता."

"त्रेचाळीस," मी म्हणालो.

"चव्वेचाळीस."

"बाई, माझी मोजणी चुकत नाही."

"नसेल हो," त्या हसून म्हणाल्या आणि गेल्या.

घर नाकारलं याचं दुःख होतंच. पण खरं सांगतो, माझी मोजणी चुकली म्हणणारं माणूस सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा भेटलं, ते जास्त लागलं. मी आत जाऊन पुन्हा मोजल्या. घरात बेचाळीस आणि फाटकाच्या बिजागरीला एक. त्रेचाळीस! "शिवणकामातल्या आहेत," मी बायकोला म्हणालो, "त्यांचं मोजमाप टाक्यांचं." अलीकडे बायको फार कमी बोलायला लागली होती.

आता अनर्थ ऐका. बाई आमच्याकडून निघाल्या त्या थेट गल्लीतल्या दुसऱ्या पाटीवाल्या घरात गेल्या. हातात माझी यादी. "मोरीच्या नळाखाली ओल आहे का? बघू. मागच्या खिडकीची चौकट? दाखवा." आणि दोष तिथे होतेच! का नसतील? एकच कंत्राटदार, एकच वर्ष, एकच साचा. बाई संध्याकाळपर्यंत अकराही घरं तपासून गेल्या आणि त्रेचाळिसातले चाळीस दोष प्रत्येक घरात जागच्या जागी सापडले.

शुक्रवारी सकाळी गल्ली माझ्या अंगणात उतरली.

"चिठ्ठीभाऊ," फिटर कमरेवर हात ठेवून म्हणाला, "आपल्या घराचा भाव पाडायचा तर पाडा. बत्तीस घरांचा पाडायला तुम्हाला कुणी सांगितलं होतं?"

"मी फक्त माझं घर तपासलं."

"तुमचं घर म्हणजे आमचंच घर की! तुमच्या नळाखाली ओल म्हणजे माझ्या नळाखाली ओल. माझ्या घराचं गुपित तुम्ही फाटकाला टांगलंत!"

मोल्डरभाऊ म्हणाले, आणि ते दोन गल्ल्यांनी ऐकलं, "बावीस वर्षांत माझ्या बायकोला माहीत नव्हतं की पायरीला भेग आहे! आता ती माळ्यावर चढायला तयार नाही! सगळं मी चढायचं!"

स्टोअरकीपर म्हणाले, "आता घर फुकट दिलं तरी लोक विचारतील, नळाचं काय?" फिटरवहिनींनी फक्त माझ्याकडे बघितलं, आणि ते सगळ्यांत वाईट होतं. त्यांचा मुलगा कामासाठी परगावी जाऊन बसला होता. त्याला इकडचं घर विकून तिकडे दोन खोल्या घेऊन द्यायच्या, एवढ्या आशेवर त्या दिवस काढत होत्या. माझ्या प्रामाणिकपणाचा काटा कुणाच्या पायात रुतला ते तेव्हा मला दिसलं. मान खाली घालून उभा राहिलो. प्रामाणिकपणाही कधी कधी दुसऱ्याला न विचारता केलेला असतो, असं मनात आलं. पण तो विचार पुढे कुठे जातो ते बघायच्या आत बायको दारातून म्हणाली,

"लाल चिठ्ठी लागल्यावर पुढे काय करायचे हो तुम्ही सगळे कारखान्यात? रडायचे?"

फिटरने कमरेवरचे हात खाली घेतले.

"दोष काढायचो," फिटर पुटपुटला.

"मग?"

बस, एवढंच. तिने 'मग' म्हटलं आणि चहा टाकायला आत गेली. मी पुष्कळ निरूपणं ऐकली आहेत, तास तास चालणारी. पण एका शब्दात माणसं जागी करणारं ते एकच.

चहा होईपर्यंत फिटरने हिशेब मांडला. दोष बत्तीस घरांत सारखे, म्हणजे काम एकाच जातीचं. मग प्रत्येकाने आपापल्या घरात चाचपडायचं कशाला? कारखान्यात एकेक नग जसा हातोहात फिरायचा, तसंच इथे एकेक घर. फिटर सगळ्या नळांना, मोल्डरभाऊ सगळ्या भेगांना आणि गिलाव्याला, वळणाच्या घरातला सुतार चौकटींना, वायरमन वायरींना. आणि मी शेवटी. हातोडी, विजेरी, हिरव्या चिठ्ठ्या.

दुसऱ्या दिवशी आठ महिन्यांनी पहिल्यांदा गल्लीत सकाळी सातला माणसं डबे न घेता पण हत्यारं घेऊन बाहेर पडली. स्टोअरकीपरांनी आपल्या ओसरीत सामानाची खिडकी उघडली, आणि दोन वायसर हवे तरी कागदावर सही घ्यायला लागले. भांडणं रोज व्हायची. फिटरने बसवलेला चौथा नळ मी नापास केला, तर तो म्हणाला, "कारखाना बंद पडला पण तुमची खोड काही बंद पडली नाही," आणि दिवसभर माझ्याशी बोलला नाही. पण नळ पुन्हा बसवला. एका घरात मोल्डरभाऊंनी गिलावा इतका पक्का केला की खिळा शिरेना आणि त्या घरच्यांचा भिंतीवरचा आरसा आजही जमिनीवर आहे. तरी एकेक दारावर लालची हिरवी होत गेली. लोक संध्याकाळी गल्लीतून फिरताना आपल्या आणि दुसऱ्याच्या हिरव्या मोजायला लागले.

दोन महिन्यांनी शिवणवाल्या बाई परत आल्या. त्यांनी गल्लीतल्या टाइमकीपरचं घर घेतलं. त्याला मुलीजवळ जायचंच होतं, तो रडत रडत आनंदाने गेला. मग त्याच्या बाजूचं घेतलं, आणि मग फिटरवहिनींच्या मुलाला तिथली खोली सोडून परत बोलावण्याइतकं काम त्याच दोन घरांत निघालं. सोळा शिलाई यंत्रं आली. ती बसवायला आणि चालू ठेवायला माणूस हवा होता. आईने लेकाला बोलावलं आणि बापाने त्याला तेलाची बुधली धरायला शिकवलं. फिटरवहिनींनी आपली पाटी स्वतःच्या हाताने काढली आणि चुलीत घातली. आणि शिवलेले गणवेश फाटकाबाहेर जाण्याआधी कुणीतरी तपासायला हवे होतेच. "लाल-हिरव्या चिठ्ठ्यांसकट या," बाई मला म्हणाल्या. पगार जुन्या पगाराच्या निम्मा. पण पहिल्या दिवशी मी एका खिशाचा टाका नापास केला तेव्हा मला जे वाटलं त्याचं मोल कुणी काढू शकणार नाही.

सगळं सुरळीत झालं असं म्हणणार नाही. काही माणसं कायमची गेली, काही घरं अजून कुलपात आहेत, आणि जुना भाव काही परत यायचा नाही. पण बारा पाट्यांच्या पाच झाल्या. आणि एके दिवशी एजंट नाचत आला. "काका, गिऱ्हाईक! तुमच्याच घराला! चांगला भाव देतंय. उद्या येतो म्हणालंय."

खरं तर मला उडी मारायला हवी होती. घरातल्या बेचाळीस चिठ्ठ्या हिरव्या झाल्या होत्या. फक्त फाटकाची बिजागरी राहिली होती, कारण कुठल्याही तपासनिसाचं स्वतःचं काम नेहमी शेवटी राहतं. मी फिटरला हाक मारली. तो बुधली घेऊन आला, बिजागरीत तेल सोडलं, आणि फाटक कुंपणापासून ओढून दोनदा पुढे-मागे केलं. एक शब्द न करता फिरलं. मी हिरवी चिठ्ठी काढली.

"थांबा," फिटर म्हणाला. "चिठ्ठीभाऊ, तुमची मोजणी चुकली."

पाटीच्या मागच्या अंगाला, तारेला, एक लाल चिठ्ठी बांधलेली होती. कुंपणाच्या ओलीने विटलेली, कडा सुरवंटाने खाल्लेल्या. मागची बाजू आधी तपासा, हे मी सत्तावीस वर्षं शिकाऊ पोरांच्या कानीकपाळी ओरडत आलो, आणि स्वतःच्या पाटीची मागची बाजू मी तीन महिने बघितली नव्हती. अक्षर माझं नव्हतं.

वस्तू: पाटी.
दोष: लावताना घरातल्या माणसाला विचारलेलं नाही.
उपाय: विचारणे.

खाली तिची सही.

फिटरने वाचलं, बुधलीचं झाकण लावलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा सल्ला न देता घरी गेला.

मी चिठ्ठी हातात घेऊन स्वयंपाकघरात गेलो. ती कणीक मळत होती. माझ्या हातातलं तिने बघितलं आणि मळत राहिली.

"सापडली वाटतं."

"अगं, तोंडाने सांगायचं होतंस!"

"दूधवाल्याला विचारलंत. म्हटलं, माझा नंबर लागतोय का बघू."

मी स्टुलावर बसलो. मग जे चिठ्ठीत लिहिलं होतं तेच केलं. "घर विकायचं का?"

"नाही," ती म्हणाली. इतक्या पटकन, की ते उत्तर तीन महिने ओठांवर तयार बसलेलं असणार.

"आणि लेक?"

"तिच्याकडे जाऊ की. पंधरा दिवस, महिना. परत यायला आपलं घर असलं की पाहुणं होण्यात मजा असते. घरच नसलं तर ते पाहुणेपण संपत नाही." तिने कणकेवर ओला फडका टाकला. "शिवाय इतक्या वर्षांत पहिल्यांदा मोरीचा नळ गळत नाहीये, आणि आता दुसऱ्याला देऊ?"

मी बाहेर गेलो, पाटी उतरवली, आणि एजंटला फोन केला. तो काय म्हणाला ते जाऊ दे. त्यात चहाच्या जुन्या उधारीचाही उल्लेख होता. फळी घासून स्वयंपाकघरात तिच्या डोक्यावरच्या जुन्या फळीच्या जागी बसवली. मग नियमाप्रमाणे हिरवी चिठ्ठी काढली, 'दोष निघाला' असं लिहिलं आणि सहीसाठी तिच्यापुढे धरली. दोष जो दाखवतो, तो गेल्याची खात्रीही त्यानेच करायची, हा आमच्या खात्याचा कायदा.

तिने हात पुसले. चष्मा लावला. चिठ्ठी पुढून वाचली, उलटून मागून बघितली, फळी हलवून पाहिली, मला आपादमस्तक न्याहाळलं, आणि सही केली. सहीच्या खाली, जिथे छापलेली ओळ नव्हती तिथे, बारीक अक्षरांत तिने आणखी एक शेरा लिहिला.

'पास. पण तपासणी दरवर्षी.'